आजच्या मानाच्या डॉक्टर

आमच्या विधानसभेला डॉक्टरांबद्दल फार आदर आहे. इतका, की अधिवेशन चालू असेपर्यंत रोज एका डॉक्टरला राजधानीत बोलावतात, कोटावर निळी फीत लावतात, 'आजचे मानाचे डॉक्टर' म्हणून सभागृहात उभं करतात आणि सगळे आमदार, या पक्षाचे नि त्या पक्षाचे, उठून टाळ्या वाजवतात. मग त्या डॉक्टरला तळमजल्यावरच्या एका खोलीत नेऊन बसवतात. तिथे दिवसभर आमदारांचे रक्तदाब मोजायचे, घसे बघायचे, फुकट. टाळ्यांचा कार्यक्रम आटोपला की आमदार आपल्या जागी बसतात आणि डॉक्टरांना तुरुंगात कधी घालायचं याचे कायदे करतात. दोन्ही कामं अगदी मनापासून.

त्या दिवशी मान होता ड्रायफोर्क काउंटीच्या डॉक्टर कोरा लिंडक्विस्ट यांचा. हाडापेराने मोठी, केस पांढरे, जीभ तिखट. काउंटीत बाळंतपण करणारी ती एकटीच. ड्रायफोर्कमध्ये तिशीच्या आतलं कुणीही भेटलं की 'याचं ढुंगण मी याच्या आईच्या आधी पाहिलंय' असं ती चारचौघांत म्हणायची आणि कुणाला राग येत नसे.

तिला बोलावलं होतं तिच्याच आमदाराने, हार्लन रकर्टने. रकर्ट म्हणजे ड्रायफोर्कमधला मोठा गुरांचा धनी. कुरणं त्याची, लिलावाचा बाजार त्याचा, काउंटी हॉस्पिटलच्या मंडळाचं अध्यक्षपदही त्याच्याकडेच. आणि आजचं विधेयकही त्याचंच. बाळाचे ठोके चालू असतील तर आईचा जीव धोक्यात आल्याशिवाय डॉक्टरने गर्भ काढायला हात लावायचा नाही, हा कायदा गेल्या साली झालाच होता. यंदा रकर्टने त्याला आणखी एक खिळा ठोकला होता. जीव धोक्यात आहे हे एका डॉक्टरने म्हणून भागायचं नाही, दोघांचं एकमत व्हायला हवं, आणि तोवर कुठल्याही हत्याराला शिवायचं नाही. ज्या काउंटीत बाळंतपणाची डॉक्टर एकच, तिथे तिने एकमत कोणाशी करायचं, हे विचारायला कोरा समितीपुढे गेली होती. तिला दोन मिनिटं मिळाली. त्यातलं एक माईक सुरू करण्यात गेलं.

म्हणून तिने हा मान घेतला होता. वाटलं, खाली खोलीत हे लोक एकेकटे येतील, बाही वर करतील, तेव्हा जरा बोलता येईल. टाळ्यांचा कार्यक्रम मात्र दुपारवर गेला, कारण रकर्टसाहेब सकाळी पशुपालक संघाच्या न्याहारीला अडकले होते.

सकाळभर रांग होती. एकाला संधिवात, एकाला गोमांसाचं ब्रिस्केट जास्त झाल्याची जळजळ. अर्थसमितीचे एक वयस्कर सदस्य दार लावून घेऊन पुढे झुकले आणि एका ठरावीक गोळीबद्दल कुजबुजले.

"हे बघा डॉक्टर, ही गोष्ट माझ्यात आणि माझ्या डॉक्टरमध्येच राहिली पाहिजे हं."

"अगदी," कोरा म्हणाली. "अशा गोष्टीत तिसऱ्याने नाक खुपसूच नये."

"तेच तर!" ते म्हणाले आणि खूश होऊन गेले.

त्यांच्या मागोमाग कोराचा फोन वाजला. ड्रायफोर्कहून नर्स ग्लेंडा.

"डॉक्टर, शायला आलीय. क्लिंट ट्रकमधून घेऊन आला. पाणी गेलंय तिचं."

कोरा खुर्चीत बसली. शायला शाळेच्या जेवणघरात कामाला होती, तिचा नवरा क्लिंट रकर्टच्या गुरांकडे. किती वर्षं वाट बघून दिवस राहिले होते, आता कुठे साडेचार महिने झाले होते. मागच्या भेटीत नाव ठरवून आली होती, आणि 'अजून कुणाला सांगू नका' म्हणून ते सगळ्यांना सांगत सुटली होती.

"सगळं गेलं?"

"सगळं. ठोके आहेत. तिला फोन देऊ?"

शायलाचा आवाज लहान मुलीसारखा आला. "डॉक्टर, तुम्ही येताय ना? हे लोक काहीच करत नाहीयेत. नुसते येऊन बघून जातायत."

"येते, बाळा," कोरा म्हणाली आणि लगेच हॉस्पिटलच्या वकिलाला फोन लावला.

वकिलाचं नाव पेनरोज. मूळचा ट्रॅक्टरच्या विम्याचे दावे बघणारा माणूस, पण गेल्या सालापासून ड्रायफोर्कमध्ये बाळंतपणाचा सल्ला त्याच्याशिवाय होत नसे.

"ठोके आहेत म्हणे," तो म्हणाला.

"आहेत. पण ते बाळ जगणार नाही, पेनरोज. त्याची फुप्फुसं तयार नाहीत, पाणी नाही, तयार व्हायला आता जागा नाही. उशीर केला की आत विष होतं. पिशवी जाईल, नाहीतर पोरगी जाईल."

"पण ठोके आहेत. आई कशी आहे?"

"घाबरलीय."

"घाबरणं कायद्यात बसत नाही. ताप?"

"अजून नाही."

"वा! मग सुदैवच म्हणायचं. ताप आला की मला कळवा. मी जेवत असलो तरी उठेन."

"म्हणजे मी तिला ताप यायची वाट बघायची?"

"मी असं म्हणालेलो नाही, डॉक्टर. असं मी कधीच म्हणणार नाही." माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. "एक करा. अध्यक्ष तिथेच आहेत ना तुमच्याजवळ? कायदाही त्यांचा, हॉस्पिटलही त्यांचं. त्यांनी मला फोनवर एवढं म्हणावं की याला धोका म्हणा, मी जबाबदार. मी आडवा येणार नाही. आपत्कालीन विभागातला तो नवा डॉक्टर पोरगाही मग तयार होईल."

कोराने ग्लेंडाला प्रतिजैविकं सुरू करायला सांगितलं आणि कोट उचलला. गाडी काढली तरी ड्रायफोर्क अडीच तासांवर. आणि पोहोचून तरी काय, दारात पेनरोज. ती या विचारात असतानाच दार उघडलं आणि आमदार हार्लन रकर्ट आत आला, कोटावर झेंड्याची टाचणी, तोंडात दातकोरणी.

"डॉक्टरबाई! चला, जरा बघा हो माझं प्रेशर. विधेयक मांडायचं म्हणजे कान गरम होतात माझे." त्याने कोट काढला आणि बाही वर केली.

देव आहे, असं कोराला त्या क्षणी वाटलं. तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला.

"हार्लन, मला तुमच्याकडून एक वाक्य हवंय. एकच. शायला—"

"एक मिनिट हं." रकर्टने मोकळ्या हाताने खिशातला फोन काढला. विणीचे दिवस होते. त्याने गोठ्यात कॅमेरा लावून घेतला होता आणि भर सभागृहातही तो फोनवर गाई बघायचा. आता बघितलं आणि दातकोरणी तोंडातून खाली पडली. "अरेच्चा! कालवड आडवी झालीय. पाणमोट फुटलीय की! आणि गोठ्यात एक माणूस नाही!"

त्याने फोन लावला. एक हात पट्ट्यात अडकलेला, म्हणून फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर टाकला.

"क्लिंट! कुठे मेलास?"

"हॉस्पिटलात आहे, मालक. शायलाला घेऊन आलोय. तिचं पाणी गेलं सकाळी."

"अरे देवा. मग? काय म्हणतायत?"

"थांबायला सांगितलंय. ताप येईस्तोवर काही करता येत नाही म्हणतायत."

"हं." रकर्टचा डोळा कॅमेऱ्यावरच होता. "हे बघ, माझी प्रार्थना आहे तुमच्या पाठीशी. पण ती पहिलारू कालवड अडलीय तिकडे. वासराचा एकच पाय बाहेर दिसतोय. शायलाला वाट बघायलाच ठेवलंय ना? मग वाट काय, ती एकटीही बघेल. तू गोठ्यात जा."

"क्लिंट," कोरा म्हणाली, "मी डॉक्टर लिंडक्विस्ट बोलतेय. तू तिथून हलू नकोस."

क्लिंट राहत होता ते घर रकर्टचं होतं. ट्रक रकर्टचा. शायला ज्या विम्यावर त्या खाटेवर पडली होती, तोही रकर्टनेच काढलेला.

"दहा मैल तर आहे," रकर्ट म्हणाला. "लगेच परत ये."

"जातो, मालक," क्लिंट म्हणाला. "पण वासरू जिवंत असलं तर? गुरांच्या डॉक्टरांना बोलावू का? एकट्याने ओढलं तर मरेल ते."

"मरू दे!" रकर्ट टेबलावर मूठ आपटून ओरडला. "वासराच्या नादी लागू नकोस. आधी गाय वाचव. साखळी लाव, ओढ, नाही आलं तर कापून काढ, पण बाहेर काढ. बघू-बघू करत बसलास तर दोन्ही जातील. आत कुजायला लागलं आणि गाईला ताप चढला ना, की मग बापजन्मात हाताला लागत नाही ती. कळलं?"

"कळलं, मालक."

फोन बंद झाला. भिंतीवरच्या भोंग्यातून वरच्या सभागृहाचं कामकाज ऐकू येत होतं. कुणीतरी राज्याची अधिकृत मिठाई कुठली असावी यावर बोलत होतं.

कोराने पट्टा सोडला नाही. "हार्लन, आत्ता जे म्हणालात ना, ते तसंच्या तसं पेनरोजला सांगा. एक अक्षर बदलू नका. फक्त 'गाय' आहे तिथे 'शायला' म्हणा."

"काय बोलताय डॉक्टरबाई! जनावर आणि माणूस एक का?"

"एक कसं असेल? शायला तुमची गाय असती तर आत्ता मोकळी झाली असती."

रकर्टचा चेहरा लाल झाला. "हे बघा. मी काही डॉक्टर नाही. मी कसं ठरवू कोणाला धोका आहे नि कोणाला नाही?"

"हे दोन डॉक्टरांचं कलम लिहिताना आठवलं नाही ते?"

"ते धोरण असतं. धोरण वेगळं." त्याने आवाज खाली आणला. "कोरा, समजून घ्या. जूनमध्ये माझी निवडणूक आहे. जीवरक्षक संघाची माणसं आज वर गॅलरीत येऊन बसलीत. आज मी विधेयक मांडायचं आणि आजच मागच्या दाराने सूट द्यायची? माझं काय राहील? आणि तिला ताप नाहीये ना अजून? धडधाकट पोरगी आहे ती. हवं तर सभागृहाला तिच्यासाठी प्रार्थना करायला सांगतो."

"प्रार्थना नको. एक फोन."

"ते नाही जमणार."

कोराला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, की क्षणभर आपल्याला देव वगैरे वाटला. तिने काट्याकडे बघितलं. "प्रेशर फार चढलंय तुमचं. असंच राहिलं तर झटका येईल."

"मग द्या ना काहीतरी!"

"पण अजून आलेला नाही ना झटका. आला की कळवा."

रकर्ट तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिला. त्याला कळलं की नाही कोण जाणे. घाबरला मात्र खरा. कोराने पट्टा सोडला, पिशवीतली गोळी काढली, पाण्याचा पेला भरून त्याच्या हातात दिला आणि गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहिली. आजारी माणूस समोर बसलेला असताना हात आवरून धरणं तिला कधी जमलंच नव्हतं. त्यासाठी निवडून यावं लागतं.

मग तिने निळी फीत काढून टेबलावर ठेवली आणि ती निघाली. विधानभवनाचा मधला रस्ता लांबलचक, संगमरवरी, आणि दर खांबावर भोंगा. ती निम्म्यात आली असेल तोवर रकर्टचा आवाज तिच्या डोक्यावरून घुमला. आवाज छान ठणठणीत होता. गोळी लागू पडली होती.

"सभापती महाराज, आजच्या मानाच्या डॉक्टर आमच्या ड्रायफोर्कच्या! माझी दोन्ही नातवंडं यांच्याच हातची. त्या आत्ता इथे नाहीत, खाली कुणाचातरी जीव वाचवण्यात गुंतल्या असतील." हशा. "आम्ही जीव वाचवणारी माणसं आहोत, महाराज. आमच्या काउंटीला यांच्यासारख्या डॉक्टर हव्यात!"

सगळं सभागृह उभं राहिलं असणार. टाळ्या बराच वेळ चालल्या. कोरा चालत राहिली. ती गाडी काढून निघाली, आणि तासाभराने गाडीतल्या रेडिओवर, सभागृहाच्या कामकाजात, पुन्हा तोच आवाज आला.

"आणि माझं विधेयक मांडण्याआधी एक आनंदाची बातमी. सकाळपासून गोठ्यात एक कालवड अडली होती. आत्ता बघतोय, आमच्या माणसाने गाय वाचवली! उभी राहिलीय!"

कालवडीलाही टाळ्या मिळाल्या. डॉक्टरपेक्षा थोड्या जास्तच. त्यात अर्धे आमदार गुरांचे धनी होते, त्यांना त्यातलं कळत होतं.

विधेयक मंजूर झाल्याचंही तिने त्याच रेडिओवर ऐकलं. निम्मी वाट सरल्यावर पेनरोजचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"डॉक्टर, चांगली बातमी! ताप आला!"

कोराला गाडी बाजूला घ्यावीशी वाटली. घेतली नाही.

"किती?"

"चांगला आहे. एकशे तीन. थंडी वाजतेय, बडबडतेय. आता कुणी बोट ठेवू शकणार नाही. तुम्ही मोकळ्या आहात, डॉक्टर. नवा कायदा राज्यपालांची सही झाल्यावर लागू होईल, म्हणजे आज तुमचं एकटीचं मत चालतंय. नशीब बघा!"

"जवळ कोण आहे तिच्या?"

"ग्लेंडा येऊन जाऊन आहे. नवरा नाही. कुठे गेलाय काय माहीत. हल्लीचे नवरे."

आपत्कालीन विभागातल्या नव्या पोराने, परवानगी मिळाली तरी, असली केस कधी हाताळली नव्हती. त्याने जमेल ते केलं. कोरा पोहोचली तेव्हा शायला तिला ओळखत नव्हती. बाळाचे ठोके आपणहून थांबले होते. ज्यासाठी सगळे दिवसभर वाट बघत बसले होते ते कुणाच्याही मदतीशिवाय झालं होतं. कोराने रात्र पडेपर्यंत झुंज दिली आणि पोरगी वाचवली. पिशवी वाचली नाही. ती काढून टाकावी लागली.

बाहेर क्लिंट उभा होता. कोपरापर्यंत हात धुतलेले, तरी बुटांवर गोठ्याचं सगळं तसंच. कोराने त्याला सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मान हलवत राहिला.

"मी गाय वाचवली, डॉक्टर," तो म्हणाला. "मला तेच सांगितलं होतं."

मग तो तिथेच जमिनीवर बसला आणि रडला. कोराही त्याच्याशेजारी बसली. तिला उठवायला ग्लेंडा आली, ती उठली नाही.

रविवारी चर्चनंतर आमदार हार्लन रकर्ट हॉस्पिटलात आला, सपत्नीक. बायकोच्या हातात बटाटे-चीजचं भाजलेलं भांडं, वर फडकं बांधलेलं. दुखवट्याच्या घरी आमच्याकडे हे भांडं येतंच, आणि तळाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं, म्हणजे रिकामं झाल्यावर कुठे परत करायचं ते कळावं. शायलाचं काय काढलं, काय राहिलं, हे रकर्टला ठाऊक नव्हतं. रोग्याची खाजगी गोष्ट कुणाला सांगायची नाही असाही एक कायदा आमच्याकडे आहे, आणि तो पाळला होता.

शायला उशीला टेकून बसली होती. क्लिंट खिडकीशी. कोरा तिची नाडी बघत होती. कोरा इथलं काम आवरतं घेत होती हे काउंटीत अजून कोणाला कळलं नव्हतं. महिनाअखेर ती हद्दीपलीकडच्या राज्यात जाणार होती.

रकर्टने हॅट काढून छातीशी धरली. त्याला वाईट वाटत होतं, खरोखर. डोळे भरून आले होते.

"पोरी, फार वाईट झालं," तो म्हणाला. "पण धीर सोडायचा नाही. तुम्ही तरुण आहात. त्या कालवडीचंच बघ. इतकी अडली होती, इतके हाल झाले, आणि पशुवैद्य म्हणाला, काही बिघडलेलं नाही, पुढच्या साली पुन्हा गाभण राहील. का, ठाऊक आहे? वेळेवर मोकळी केली म्हणून."

रकर्टच्या बायकोने भांडं टेबलावर ठेवलं आणि फडकं नीट केलं. शायलाने आधी क्लिंटकडे बघितलं, मग मालकाकडे.

"हो," ती म्हणाली. "तिच्यासाठी तुम्ही फोन केला होतात."